नकाशाकडून प्रतिकृतीकडे : बांधकामाच्या एका नव्या विद्येचा इतिहास



‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. घर बांधताना मनुष्य का थकतो, याचा विचार केला तर पैशापेक्षा दुसरेच एक कारण पुढे येते. गवंड्याने भिंत उभी करावी आणि आठ दिवसांनी नळवाल्याने तीच भिंत फोडावी. जिथे जिना यायचा तिथेच नेमकी तुळई आडवी यावी. हा अनुभव घर बांधलेल्या पुष्कळांना असेल. यात आळशी किंवा अप्रामाणिक कोणीच नसतो. प्रत्येकजण आपापल्या नकाशाप्रमाणे वागत असतो. इमारत एक आणि नकाशे अनेक, हे या दुखण्याचे मूळ आहे. हे मूळ कसे रुजले आणि ते उपटण्याची विद्या कशी निघाली, हा आजचा विषय. या विद्येला इंग्रजीत ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, थोडक्यात ‘बिम’, म्हणतात. आपण तिला माहितीयुक्त प्रतिकृतीची विद्या म्हणू.

पूर्वी कारागीर कागदावर फारसे विसंबत नसत. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चवर घुमट कसा चढवावा यासाठी 1418 साली स्पर्धा लावण्यात आली, तेव्हा ब्रुनेलेस्कीने आपली कल्पना प्रतिकृती करून दाखविली. पुढे 1436 साली घुमट पुरा होईपर्यंत कामावर देखरेखही त्याचीच होती. कल्पना आणि काम एकाच डोक्यात नांदत होते.

अठराव्या शतकात फ्रान्समधील मेझिएर येथील लष्करी विद्यालयात गास्पार मोंज याने घनवस्तू सपाट कागदावर बिनचूक उतरविण्याचे शास्त्र बसविले. किल्ल्यांच्या रचनेत त्याचा इतका उपयोग झाला की ते बरीच वर्षे लष्करी गुपित म्हणून राखले गेले. मोंजची व्याख्याने ग्रंथरूपाने आली ती 1799 साली. आजचे अभियंते आराखडा, दर्शनी चित्र आणि छेद काढतात, ते याच शास्त्राच्या आधाराने. 1842 साली जॉन हर्शेलने निळ्या छापाची युक्ती शोधली, आणि पुढे तिच्यामुळे एका नकाशाच्या हव्या तितक्या नकला निघू लागल्या. कारखानदारीच्या युगात इमारती मोठ्या झाल्या, त्यांच्यात वीज, पाणी, पाळणे, वायुवीजन आले, आणि दर विद्येचा वेगळा अभियंता व त्याचा वेगळा कागद झाला. एका कागदावरील दुरुस्ती दुसऱ्या कागदाला आपोआप कळत नाही. ती माणसानेच कळवावी लागते, आणि माणूस विसरतो.

हे विसरणे किती महाग पडते, ते अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहराने पाहिले. तेथील एका नव्या हॉटेलच्या भव्य दालनात, छतापासून पोलादी सळयांनी टांगलेले पादचारी पूल होते. मूळ कल्पनेप्रमाणे चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्याखालचा दुसऱ्या मजल्याचा पूल एकाच अखंड सळईला अडकवायचे होते. कारखान्याच्या सोयीसाठी त्यात बदल झाला : वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. पण एका दोराला दोघे लोंबकळत असतील, तर प्रत्येकाच्या हातावर स्वतःचाच भार असतो. खालच्याने दोर सोडून वरच्याची कंबर धरली, तर वरच्याच्या हातावर दोघांचा भार येतो. वरच्या पुलाच्या जोडावरील भार असा दुप्पट झाला. वास्तविक मूळचा जोडही नियमाला पुरेसा नव्हता. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले आणि 114 माणसे प्राणास मुकली. बदललेला कागद अभियंत्यांच्या कचेरीतून पसंत होऊन गेला होता. पुढे दोघा अभियंत्यांचे परवाने रद्द झाले.

कागदावरील हा विश्वास सोडण्याचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. 1963 साली आयव्हन सदरलँडने गणकयंत्राच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढून दाखविली. 1975 साली चार्ल्स ईस्टमन यांनी त्याच्या पुढची गोष्ट मांडली : यंत्रात रेषा न साठविता इमारतीचेच वर्णन साठवावे, आराखडा आणि छेद त्या एकाच वर्णनातून काढावेत, म्हणजे बदल एके ठिकाणी केला की तो सर्वत्र होईल. 1982 साली हंगेरीत, बुडापेस्ट येथे, गाबोर बोयार यांनी ‘ग्राफिसॉफ्ट’ ही संस्था काढली आणि ही कल्पना साध्या टेबलावरील गणकयंत्रात आणली. 2000 साली अमेरिकेत ‘रेव्हिट’ निघाले. ब्रिटनने 2011 साली धोरण जाहीर करून 2016 पासून केंद्र सरकारच्या बांधकामांत ही पद्धत आवश्यक केली. आपल्याकडे महामेट्रोने नागपूरची मेट्रो उभारताना अशा प्रतिकृतीला वेळापत्रक आणि खर्च यांची जोड दिली. ती गाडी 2019 साली धावू लागली.

अभियंत्याला यातून काय मिळते? या प्रतिकृतीतील भिंत म्हणजे दोन समांतर रेषा नव्हेत. तिची जाडी, तिचे द्रव्य, ती आगीला किती वेळ तोंड देईल, हे सारे तिच्याबरोबर नोंदलेले असते. नळ तुळईतून जात असेल तर यंत्र ती टक्कर आधीच दाखविते, आणि भिंत फोडण्याऐवजी पडद्यावरची एक ओळ बदलली की भागते. विटा, सिमेंट, पोलाद यांची मोजदाद प्रतिकृतीतूनच निघते. कोणते काम कोणत्या महिन्यात येईल ते क्रमाने पाहता येते. आणि इमारत पुरी झाल्यावरही, कोणता पंप कोठे बसविला आहे, हे वीस वर्षांनी येणाऱ्या माणसाला शोधत बसावे लागत नाही. मात्र ती प्रतिकृती त्याने वेळोवेळी अद्ययावत ठेवली पाहिजे.

तथापि साधन म्हणजे शहाणपण नव्हे. 2006 साली एअरबसच्या अजस्र ए-380 विमानाचे काम लांबणीवर पडले, याचे एक कारण असे की जर्मनीतील आणि फ्रान्समधील अभियंते एकाच आज्ञावलीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरीत होते, आणि तारांचे जुडगे प्रत्यक्ष विमानात बसेनात. प्रतिकृती सामायिक असेल तरच ती एक असते. आणि कॅन्सस सिटीची सळई? आजच्या प्रतिकृतीत तो बदल सर्वांना दिसला असता, हे खरे. पण दिसलेल्या जोडाला भार पेलेल की नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारावाच लागला असता. यंत्र टक्कर दाखविते. सही करणाऱ्याची जबाबदारी ते उचलीत नाही.

म्हणूनच या विद्येचा खरा लाभ वेळ आणि पैसा वाचण्यापुरता नाही. वेगवेगळ्या कागदांच्या मागे बसलेल्या माणसांना ती एका इमारतीसमोर आणून बसविते. उद्या आपल्या गावात पूल, रुग्णालय किंवा शाळा उभी राहील, तेव्हा नागरिक म्हणून आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत : सर्वांनी एकच प्रतिकृती पाहिली काय? आणि शेवटचा बदल कोणी तपासला? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या कामावर मिळतील, तेथे आपली मुलेबाळे निर्धास्तपणे वावरतील.