आपल्या अंगणातील फुलझाडांचे माहेर

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी गांगरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण फुलझाडांची हौस लहानपणापासूनची, म्हणून आपल्या दारच्या झाडांचा इतिहास जमेल तसा सांगते. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

माझे माहेर वेल्ह्याकडचे, गुंजण मावळातले, आणि सासर भोरचे. लग्न होऊन आले तेव्हा परसात सासूबाईंनी लावलेला झेंडू, गुलबक्षी, निशिगंध, शेवंती, पांढरा चाफा आणि सदाफुली होती. ही सारी इथलीच, अशी माझी समजूत. पुढे मुलांची पुस्तके चाळताना कळले की, यांतले एकही मूळचे आपले नाही! झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोचे. गुलबक्षी आणि पांढरा चाफाही अमेरिकेकडचे. शेवंती चीनकडची, तर सदाफुली आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरची.

कोलंबस 1492 साली अमेरिकेकडील बेटांवर पोहोचला आणि 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतर परदेशी जहाजांतून मिरची आली, बटाटा आला, तशी फुलझाडेही आली. ज्याच्या माळेवाचून आपला दसरा होत नाही, तो झेंडू सहाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हता. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या सणाला झेंडूच्या फुलांची आरास करतात. सदाफुलीपासून तर रक्ताच्या कर्करोगावरचे औषध तयार होते. आपण साऱ्याजणी तरी कुठे या घरात जन्मलो? पण सासर आपले झालेच ना!

मूळची इथली झाडेही थोडी नाहीत. सोनचाफा, बकुळ, पारिजातक, मोगरा ही आपल्याच देशातली. आमच्या मावळात पाऊस लागला की माळावर तेरडा फुलतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून त्याला हसतात, पण भाद्रपदात गौर म्हणून त्यालाच वाजतगाजत घरात आणतात.

झाडे लावण्या-जपण्याची शिकवण या मुलखाला जुनी आहे. शंकराजी नारायण सचिव यांच्यापासून भोरच्या पंतसचिवांचे घराणे सुरू झाले. त्यांच्याच काळातले रामचंद्रपंत अमात्य. त्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी सांगताना झाडांचाही विचार केला आहे. गडावर आंबा, फणस, वड, पिंपळ लावावेत, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे लावावीत, फुलझाडे आणि वेलीसुद्धा लावाव्यात व सर्व जतन करावे, अशा अर्थाची आज्ञा त्यात आहे. तोफा-दारूगोळ्याची काळजी वाहणाऱ्यांनी फुलांच्या वेलीचीही आठवण ठेवली, याचे मला फार कौतुक वाटते.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी पिवळ्या-गुलाबी गुच्छांची दोन रोपे आणली. पाणी कमी लागते, बारमाही फुलते, म्हणून कुंपणाला लावली. आई चार दिवस राहायला आली होती. तिने एक पान चुरगळून हुंगले आणि म्हणाली, “अगं बये, ही तर घाणेरी! हिनंच न्हवं का आपली कपिला नेली?”

माझ्या अंगावर काटा आला. मी लहान असताना एका वैशाखात चारा संपला होता. भुकेल्या कपिलेने रानात घाणेरीचा पाला खाल्ला. तिचे डोळे पिवळे झाले, उन्हाने नाकाची व कानांची कातडी सोलली. पंधरा दिवसांत गाय गेली. दूध विकून चालणारे आमचे घर. त्या वर्षी आईची जोडवी मोडली.

ही घाणेरी, म्हणजेच टणटणी, हीसुद्धा अमेरिकेकडचीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिला कलकत्त्याच्या वनस्पती बागेत शोभेसाठी आणले. पाखरांनी तिची काळी फळे खाऊन बी रानोमाळ नेले. आज डोंगरउतारांवर तिची जाळी माजते, खालचे गवत मरते आणि गुरांना चरायला जागा उरत नाही. नद्या-तळ्यांत माजणारी जलपर्णीही अशीच सुंदर फुलांपायी आणलेली.

मी दोन्ही रोपे मुळासकट उपटून वाळवून जाळली. तिथे आता कोरांटी आहे.

तेव्हा भगिनींनो, रोप घेताना नुसता फुलाचा रंग पाहू नका. त्याचे माहेर दूरचे असले तरी हरकत नाही. झेंडू, शेवंती खुशाल लावा. पण ते आपल्या आळ्यात नांदते की शेजाऱ्याचे रान खाते, गुराला किंवा लेकराला विषारी तर नाही, हे जाणत्या माणसाला विचारा. आपल्याकडे पाऊस दांडगा, म्हणून कुंडीच्या तळाला भोक ठेवा, खापराचे तुकडे घाला, नाहीतर श्रावणाच्या आत मुळे कुजतात. आणि घरात म्हातारे माणूस असेल तर आधी त्याला रोप दाखवा. आईने पान हुंगले नसते, तर माझ्याच कुंपणावरून घाणेरीचे बी कोणाच्या गायरानात गेले असते, देव जाणे.