गोळीमागचे चार हात : नंदुरबार १९४२ आणि कायद्याचे कवच

१/
९ सप्टेंबर १९४२. ऑगस्ट क्रांतीला बरोबर एक महिना पूर्ण झाला होता. नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली. माणिक चौकाच्या परिसरात पोलिसांनी ती अडवली आणि गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण धारातीर्थी पडले. शिरीषकुमार तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता.

२/
या पाच जणांचे शौर्य खानदेशात घरोघरी सांगितले जाते आणि चौकातील हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देते. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या मुलांच्या आईवडिलांना गोळी झाडणाऱ्यावर खटला भरायचा असता, तर तत्कालीन कायद्याने त्यांना न्यायालयाची पायरी चढू दिली असती का?

३/
बंदुकीच्या प्रत्येक गोळीमागे चार हात असतात : शस्त्र बनवणारा, ते विकणारा, आदेश देणारा आणि चाप ओढणारा. यांपैकी कोणत्या हाताला कायदा अभय देतो, यावरून त्या समाजात बळ कोणाकडे आहे हे ओळखता येते. अमेरिकेत आज वाद चालतो तो पहिल्या दोन हातांवर. भारतात इतिहासाने अभय दिले ते शेवटच्या दोन हातांना. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास नंदुरबारची घटना अधिक स्पष्ट दिसते.

४/
आधी अमेरिका. १९९८ मध्ये न्यू ऑर्लीन्स आणि शिकागो या शहरांनी बंदूक उद्योगावर दावे लावले. बेफिकीर दुकानदारांमार्फत आपला माल गुन्हेगारांच्या हाती जातो हे ठाऊक असूनही कारखानदार पुरवठा चालू ठेवतात, असा आरोप या काळातील दाव्यांतून झाला. पाठोपाठ इतर शहरेही न्यायालयात गेली. त्याला उत्तर म्हणून अमेरिकी संसदेने कायदा केला आणि २६ ऑक्टोबर २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

५/
या कायद्यानुसार, तिसऱ्या व्यक्तीने बंदुकीचा गुन्ह्यासाठी वापर केला तर कारखानदार वा विक्रेता यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा सहसा चालत नाही. समर्थक म्हणतात, कायदेशीर वस्तू विकणाऱ्याला परक्याच्या गुन्ह्याची शिक्षा कशासाठी? विरोधक म्हणतात, इतर उद्योगांना न मिळणारी ही ढाल याच धंद्याला का? कायद्यात अपवादही आहेत. धोकादायक माणसाच्या हाती जाणूनबुजून शस्त्र देणारा किंवा विक्रीचे नियम जाणूनबुजून मोडणारा त्या ढालीआड लपू शकत नाही.

६/
याच फटीतून सँडी हुकच्या शाळेत २०१२ साली बळी पडलेल्यांची काही कुटुंबे आत शिरली. तेथे २० मुले आणि शाळेतील ६ प्रौढ मारले गेले होते. २०२२ मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या विमाकर्त्यांनी ७.३ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. उलट, मेक्सिको देशाने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर लावलेला दावा जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अडवला. ढाल टिकून आहे आणि वादही.

७/
आता भारत. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्यावाचून शस्त्र बनवणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा ठरला. बनवणारा आणि विकणारा या दोन हातांना येथे अभय तर नव्हतेच, उलट सर्वांत आधी बेडी त्यांनाच पडली. कारण उघड आहे. १८५७ च्या उठावानंतर सरकारला भीती होती ती प्रजेच्या हातातील शस्त्राची.

८/
या कायद्यातील 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचण्याजोगी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर आणि भाले यांच्यासोबत तीत धनुष्यबाणही होता. सातपुड्यातील भिल्लाचा तीरकामठा, म्हणजे त्याच्या शिकारीचे आणि रक्षणाचे साधन, कागदोपत्री कलकत्त्याच्या सरकारच्या कक्षेत आला. प्रदेशांना वा समूहांना सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. सूट मिळाली तरी ती सरकारची मेहेरबानी होती, हक्क नव्हता.

९/
खानदेशात या धोरणाची दुसरी बाजू त्याआधीच दिसली होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर डोंगरातील भिल्लांनी इंग्रजांना सहजासहजी जुमानले नाही. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. म्हणजे हत्यार वाईट ठरत नव्हते, ते कोणाच्या हुकमाखाली आहे हे पाहिले जात होते. सरकारी भिल्लाच्या खांद्यावर बंदूक आली आणि स्वतंत्र भिल्लाचा बाण संशयास्पद ठरला.

१०/
१८७८ च्या कायद्याने हाच भेद लेखी केला. सरकारच्या आदेशाने होणारी शस्त्रांची निर्मिती, विक्री आणि वाहतूक, तसेच सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना बाळगलेले शस्त्र, यांना हा कायदा लागूच नव्हता. परवाना मागायचा तो प्रजेने. पोलिसाच्या हातातील बंदूक या कायद्याच्या चौकटीबाहेर उभी होती.

११/
मग त्या बंदुकीतून सुटलेल्या गोळीचे काय? १९१९ चे उदाहरण बोलके आहे. जालियनवाला बागेनंतर चौकशीसाठी हंटर समिती नेमली गेली. परंतु समितीचा अहवाल येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९१९ मध्ये, सरकारने केंद्रीय कायदेमंडळात इंडेम्निटी अ‍ॅक्ट संमत करून घेतला. पंजाबातील लष्करी अंमलाच्या काळात सद्‌हेतूने कृती केलेल्या अधिकाऱ्यांना त्याने अभय दिले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी सभागृहात कडाडून विरोध केला, पण मतांचे पारडे सरकारकडे होते. चौकशी नंतर आणि क्षमा आधी, असा तो क्रम होता.

१२/
१९४२ च्या नंदुरबारसाठी अशा वेगळ्या कायद्याची गरज नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तरतूद आधीच होती. बेकायदा जमाव पांगवण्याचा आदेश देण्याचा आणि बळ वापरण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला व पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला होता. कलम १३२ सांगत होते की अशा कृतीबद्दल सरकारच्या मंजुरीवाचून कोणत्याही फौजदारी न्यायालयात खटला दाखल होणार नाही. अधिकाऱ्याने सद्‌हेतूने केलेली कृती तर गुन्हाच मानली जाणार नव्हती.

१३/
मंजुरी देणारे सरकार कोण, हेही पाहावे. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. मुंबई प्रांताचा कारभार गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हाती होता आणि लोकांना जबाबदार असा एकही मंत्री नव्हता. ज्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्याच सरकारकडे गोळी झाडणाऱ्यावर खटला भरण्याची परवानगी मागावी लागणार होती. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. तेथील एखाद्या व्यापाऱ्याने वा शिक्षकाने मुलगा गमावल्यावर ही परवानगी मिळवण्याची आशा कितपत धरावी?

१४/
त्याच ऑगस्टमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा वटहुकूम काढला. ठरावीक हुद्द्यावरील लष्करी अधिकाऱ्यांना जीव जाईपर्यंत बळ वापरण्याची मुभा मिळाली आणि त्यांच्यावरील खटल्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी आवश्यक ठरली. नंदुरबारची गोळी पोलिसांची होती, त्यामुळे हा वटहुकूम तेथे थेट लागू पडत नव्हता. मात्र त्या महिन्यांत राज्यकर्त्यांचा विचार कोणत्या दिशेने चालला होता, ते त्यातून कळते. १९५८ च्या 'अफ्स्पा'ची मुळे याच वटहुकमात आहेत.

१५/
स्वातंत्र्यानंतर काय बदलले? १९५९ च्या शस्त्र कायद्याने जुना कायदा रद्द केला. 'बनवणारा' आणि 'विकणारा' यांच्यावरील बंधने मात्र कायम राहिली. घेणाऱ्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे की नाही, याची खातरजमा न करता ते त्याच्या हवाली करणे हा कलम २९ नुसार गुन्हा आहे. बेकायदा निर्मितीची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली. सातपुड्याच्या पट्ट्यात पकडल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या खटल्यांमागे हीच कलमे असतात.

१६/
अमेरिकेसारखी खास ढाल भारतात खासगी बंदूक कारखानदाराला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी आहे, आणि वस्तूचा गैरवापर झाला असल्यास बचावाची सोयही आहे. हा नियम सर्वच वस्तूंना सारखा लागू पडतो. वाद येथे पेटला नाही, कारण दीर्घकाळ बनवणारा मुख्यतः सरकारच होते. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारसाठी राखून ठेवली आणि खासगी क्षेत्राला संरक्षण उत्पादनाचे दार २००१ मध्ये उघडले.

१७/
खुद्द खानदेशातच याचे उदाहरण आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६० च्या दशकापासून बंदुकीची काडतुसे तयार होतात. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, तरी मालकी सरकारचीच राहिली. १९५९ च्या कायद्याचे कलम ४५ सरकारी आदेशाने होणाऱ्या निर्मितीला आजही कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते. १८७८ ची ती सूट शब्दांच्या थोड्या फरकाने जिवंत आहे.

१८/
गोळी झाडणाऱ्याचे कवचही टिकले. १९७३ ची फौजदारी संहिता आली, तिच्यातही कलम १३२ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५१ झाले. या तरतुदीची बाजूही समजून घ्यायला हवी. खवळलेल्या जमावापुढे क्षणात निर्णय घ्यावा लागणाऱ्या अधिकाऱ्याला सूडाच्या खटल्यांपासून संरक्षण हवे, हा युक्तिवाद पोकळ नाही. मंजुरी देणारे सरकार आता मतदारांना उत्तर देते, हा फरकही मोठा आहे.

१९/
कवच अभेद्यही राहिलेले नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. चौकशी आयोग नेमला गेला, खटला उभा राहिला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. १९९३ च्या नीलाबती बेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूलभूत हक्क मोडला गेल्यास भरपाई नाकारण्यासाठी शासनाला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही.

२०/
घाटकोपरमध्ये निकालाला बारा वर्षे लागली. नंदुरबारच्या पाच कुटुंबांपुढे १९४२ मध्ये जे दार होते, त्याची किल्ली गोळी झाडणाऱ्याच्या मालकाकडे होती. अमेरिकेतील कुटुंबे आज कारखानदाराच्या ढालीपुढे उभी आहेत, तर येथील माणूस शासनाच्या मंजुरीपुढे. दोन्हीकडे मागणी एवढीच आहे की दोष कोणाचा हे न्यायालयाने पुरावा पाहून ठरवावे आणि पुरावा मांडण्याआधीच दार लावून घेतले जाऊ नये.

२१/
१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. दर ९ सप्टेंबरला तेथे पाच हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. त्यांच्या धैर्याची आठवण ठेवताना, त्यांच्यावर गोळी चालवणाऱ्याला अभय देणारे कलम नव्या संहितेतही आहे याची आठवण ठेवणे तितकेच आवश्यक आहे. ते कधी वापरावे आणि कधी बाजूला सारावे, हे ठरवण्याचा अधिकार आज नागरिकांनी निवडलेल्या सरकारकडे आहे. म्हणून त्याचा जाब विचारण्याचे कामही नागरिकांचेच आहे.