यमूचा झगडा कोणाशी?

पनवेलपासून पुण्यापर्यंत मराठीच्या वर्गांत हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीबद्दल एक मत सर्रास ऐकू येते : ही ‘व्यक्ती विरुद्ध समाज’ या संघर्षाची कादंबरी, तिची नायिका यमू नुसती सोसते, प्रतिकार करत नाही, म्हणून आंतरिक संघर्ष तीत जवळजवळ नाहीच. हरिभाऊ सुधारणावादी होते आणि ही कादंबरी ज्यात क्रमशः आली ते त्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक 1890 मध्ये निघाले तेव्हा मुलींच्या संमतिवयाचा वाद पेटला होता, एवढे या मताच्या बाजूने मान्य. निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही.

समाज नावाचा एकसंध प्रतिपक्ष होता कुठे? विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्येच झाला होता. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी विधवांच्या केशवपनाला नकार देत एकत्र आले, तेही याच समाजातले. यमूला गाठते ते तिचे घर. सासरच्या शंकरमामंजींवर सारे पाप घालून मोकळे होणे सोपे आहे; पण त्यांना वगळले तरी यमूचे वडील उरतातच. बायको गेल्यावर ते दुसरे लग्न करतात. विधवा मुलीपुढे मात्र वस्तरा येतो.

आणि सोसण्याचा पहिला धडा यमू गिरवते तो आईकडे पाहून, जिच्यावर तिचा जीव आहे. आई सोसते ती श्रद्धेने. यमूला नवऱ्याने, रघुनाथरावांनी, लिहायला-वाचायला शिकवले, मुंबईच्या बिऱ्हाडात तिने मोकळे दिवस पाहिले. रघुनाथराव वारल्यावर तिला पुन्हा त्याच रीतीत कोंबले जाते, पण आता आईची ती श्रद्धा तिच्यापाशी उरलेली नाही. आईवरचे प्रेम टिकले आणि आईचा धर्म पटेनासा झाला, ही ओढाताण ज्याला आंतरिक संघर्ष वाटत नाही, त्याने कादंबरीचा निवेदकच लक्षात घेतलेला नाही. सारी हकीकत यमू स्वतः सांगते. निमूटपणे ऐकणारी पोर आणि आता सगळे कळून चुकलेली बाई पानापानावर एकमेकींना भेटतात.

राहिला प्रतिकाराचा मुद्दा. यमूचे केशवपन बळजबरीने होते. ती राजी असती, तर बळजोरी करावी का लागली असती?