चिंचेने घासलेला राणीछाप रुपया

फडताळात, देव्हाऱ्यात नाहीतर सासूबाईंच्या बटव्यात तुमच्याकडेही एखादं जुनं नाणं असेल. असलं तर आहे तसंच राहू द्या. मी आजीचा राणीछाप रुपया चिंच लावून घासला, देवाच्या तांब्यासारखा चकचकीत केला आणि हौसेने एका जाणकाराला दाखवला. तो म्हणाला, "ताई, आता चांदीचे पैसे तेवढे येतील. वरची किंमत तुम्ही धुऊन टाकलीत."

नाण्याची प्रत ठरते ती त्याच्या मूळच्या अंगावरून. राणीच्या केसांच्या रेषा, कडेचे दाते, साल हे सगळं ठळक असेल तर वरची प्रत. झिजलं, घासलं, माळेसाठी कडी डकवली की प्रत उतरली. शिवाय तशी नाणी किती उरलीत, कुठल्या टांकसाळीत पाडली, तेही बघतात. जुनं म्हणजे महाग, असं मुळीच नाही. शिवरायांनी 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढे पेशवाईतही शिवराई इतकी पाडली गेली, की झिजलेली शिवराई आजही थोडक्या पैशांत मिळते. आपल्या मनात मात्र तिची किंमत वेगळी असते, ते सोडा.

आता तो रुपया. 1835 पासून कंपनी सरकारचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. राज्य बदललं तरी चांदी हातात राहणार! म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी तो गाडग्यात पुरला, माळेत ओवला. घरच्यांना पत्ता न लागता बाईला ठेवता येईल असा तो पैसा होता. घेताना त्या दगडावर वाजवून बघत. 1940 साली चांदी निम्म्यावर आली, 1947 च्या रुपयात ती उरलीच नाही, निकेल आलं. तेव्हापासून रुपया चालतो तो सरकारच्या शब्दावर.

आता तर नाणंच दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 पासून डिजिटल रुपया सामान्य लोकांसाठी प्रयोग म्हणून आणला. आपण फोनवरून एरवी पैसे देतो ते बँकेच्या खात्यातले असतात. हा रुपया मात्र नोटेसारखा रिझर्व्ह बँकेचाच, फोनमधल्या पाकिटात राहणारा. त्यावर व्याज नाही. तो झिजत नाही आणि कुणी जमवतही नाही, एकाचा एकच. पण मला विचाराल तर प्रश्न वेगळाच आहे. पाकीट फोनमध्ये, आणि फोन कुणाच्या खिशात? आमच्या गटातल्या निम्म्या बायकांचा फोन मालकांच्या हातात असतो. गाडग्याचं तसं नव्हतं.

आणखी एक. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन असे पैसे उकळतात, असा इशारा खुद्द बँकेनेच 2021 मध्ये दिला होता. आमच्या गटातल्या एकीने ती फी भरली. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

माझा रुपया परत आजीच्या डबीत आहे. हळूहळू पुन्हा काळा पडायला लागलाय.