सख्खे, चुलत आणि मूत्रपिंड

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीचा खाडीपूल ओलांडल्यावर लागणारे काल्हेर हे गाव आज प्रामुख्याने गोदामांसाठी ओळखले जाते आणि तेथील जुन्या आगरी-कोळी वस्तीभोवती गोदामांत व यंत्रमागांवर राबणाऱ्या, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची दाटी झाली आहे. जिवंत दात्याकडून मूत्रपिंड घेण्याच्या उपचाराचा इतिहास या गावात घडलेला नाही. तो मुंबईच्या रुग्णालयांत, विधिमंडळात आणि संसदेत घडला. तरीही त्या इतिहासाने ठरवलेली एक गोष्ट काल्हेरमधील रुग्णाच्या दारापर्यंत येते, ती म्हणजे ‘जवळचा नातेवाईक’ या शब्दांची व्याप्ती.

प्रत्यारोपणात रुग्णाची निकामी मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागी राहू दिली जातात आणि दात्याचे मूत्रपिंड ओटीपोटाच्या खळग्यात बसवून त्याच्या रक्तवाहिन्या तेथील मोठ्या रक्तवाहिन्यांना व मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडली जाते. हे शिवणकाम शल्यचिकित्सकांना विसाव्या शतकाच्या प्रारंभीच साधले होते. अडसर होता तो परक्या ऊतींवर तुटून पडणाऱ्या शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवून यश मिळवले, ते हे दोघे एकसारखे जुळे असल्यामुळे, म्हणजे शरीराला परके वाटावे असे त्यात काही नसल्यामुळे. पहिला यशस्वी दाता अशा रीतीने सख्ख्याहूनही सख्खा होता.

भारतातील मानवी मूत्रपिंडाचे पहिले प्रत्यारोपण मे 1965 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाले, मात्र ते मूत्रपिंड मृत व्यक्तीचे होते. जिवंत दात्याकडून झालेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण 1971 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. मृत दात्यापासून आरंभ करणाऱ्या देशाने पुढची कित्येक दशके जवळजवळ सर्वस्वी जिवंत दात्यांवर विसंबावे, हा उलटा प्रवास असला तरी अकारण नव्हता, कारण मेंदूमृत्यूला, म्हणजे हृदय चालू असताना मेंदूचे कार्य कायमचे थांबण्याच्या अवस्थेला, कायद्याने मृत्यू मानण्यास येथे 1994 साल उजाडावे लागले.

तोवर औषधशास्त्राने नात्याची अट बरीच सैल केली होती. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारे सायक्लोस्पोरिन हे औषध 1980 च्या दशकात वापरात आले आणि रक्तगट जुळत असेल व क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशींवर रुग्णाचे रक्त हल्ला करते का हे पाहणारी चाचणी, निर्दोष असेल तर नात्यागोत्यात नसलेल्या माणसाचे मूत्रपिंडही टिकू लागले. जे शक्य झाले ते विकतही मिळू लागले आणि मुंबई या व्यापाराचे ठळक केंद्र बनली. संयुक्त अरब अमिराती व ओमान येथून मुंबईत येऊन मूत्रपिंड विकत घेतलेल्या 130 रुग्णांचा अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात घेणाऱ्यांमधील मृत्यूचे चढे प्रमाण नोंदले गेले. विकणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने राज्यांनी ठराव करून विनंती केल्याशिवाय संसदेला त्यावर कायदा करता येत नव्हता. असे ठराव करणाऱ्या तीन राज्यांत गोवा व हिमाचल प्रदेश यांच्यासह महाराष्ट्र होता, आणि 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा या राज्यांत 4 फेब्रुवारी 1995 पासून अमलात आला. त्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आणि पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ व बहीण एवढ्यांनाच जवळचे नातेवाईक मानले. इतर कोणी दाता असेल तर आपुलकीपोटी किंवा अन्य विशेष कारणाने तो पुढे आला आहे, अशी खात्री अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीने करून घ्यावी, असे बंधन घातले. मराठी घरात चुलतभावालाही भाऊच म्हणतात आणि भावकीचा शब्द लग्नापासून जमिनीच्या वाटणीपर्यंत चालतो, परंतु या कायद्याच्या लेखी चुलतभाऊ, मामा, मावशी, दीर, सून हे सारे समितीपुढे उभे राहणारे बाहेरचेच आहेत. बाजाराला आळा घालण्यासाठी रेषा कोठेतरी ओढावी लागते हे मान्य केले, तरी ती कुटुंबाच्या मराठी कल्पनेच्या आतून गेली आहे.

रेषेच्या आत असणे मोलाचे ठरताच नाते कागदावर घडवण्याचे प्रकारही पुढे आले. दाता स्त्रीला बनावट कागदपत्रांच्या आधारे रुग्णाची पत्नी म्हणून दाखवल्याचा आरोप असलेले मुंबईतील एक प्रकरण 2016 मध्ये गाजले.

2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांना रेषेच्या आत घेतले आणि अदलाबदलीला मान्यता दिली. पत्नीचे मूत्रपिंड पतीला जुळत नसेल आणि तशाच अडचणीतील दुसरे जोडपे असेल, तर समितीच्या संमतीने एकीचे मूत्रपिंड दुसरीच्या पतीला देता येते. नात्यातल्या जिवंत दात्यांत आया आणि पत्नी यांचा भरणा मोठा असल्यामुळे दाता स्त्री असेल तेव्हा तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती यांची खातरजमा रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून करून घेण्याची तरतूद नियमांत आहे.

खर्चाची बाजू बरीच उशिरा हाताळली गेली. उपचारांचा खर्च उचलणारी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पण ठाणे जिल्हा, आणि त्यासोबत काल्हेर, तिच्या कक्षेत आला नोव्हेंबर 2013 मध्ये. तिच्यात मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांची मर्यादा होती. आयुष्यभर घ्यावयाच्या औषधांचा खर्च मात्र या एकवेळच्या आकड्याने भागणारा नव्हता.

काल्हेरसारख्या स्थलांतरितांच्या गावात कायद्याची रेषा अधिकच जाणवते. एकाच खोलीत राहणारा सख्खा भाऊ जन्मदाखले, शिधापत्रिका व ऊतींच्या चाचणीच्या आधारे दाता होऊ शकतो. त्याच खोलीतला चुलतभाऊ तयार झाला तर त्याला समितीपुढे जावे लागतेच, शिवाय त्याच्या रहिवासाची पडताळणी त्याच्या मूळ तालुक्याच्या तहसीलदाराकडून मागवली जाऊ शकते आणि तो कागद येईपर्यंत रुग्णाच्या आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास चालणाऱ्या डायलिसिसच्या फेऱ्या चालूच राहतात.