आकड्यातलं बाळ

परवा शनिवारी कोल्हापूरला गेलो होतो. शिवाजी पेठेत उभा मारुती चौकाजवळ मावशीचं घर आहे. मावसबहिणीचा मुलगा १४ महिन्यांचा. रांगण्यात पटाईत, धरून उभा राहतो, पण पाऊल काही टाकत नाही. बहिणीच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपनं '१२ महिने: चालणे' असं कधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे तिची झोप उडालेली. मावशी निवांत. "अगं, त्याचा बाप दीड वर्षानं चालला. काय होत नाही!"

मला वेगळाच किडा चावला. हा १२ चा आकडा आला कुठून?

मान धरणं, पालथं पडणं, रांगणं, पाऊल टाकणं, बोबडे बोल... आपल्या भाषेत हे टप्पे पहिल्यापासून आहेतच. त्यांना महिने चिकटले ते विसाव्या शतकात. येल विद्यापीठातल्या अर्नोल्ड गेझेल यांनी मुलांचं बारकाईनं निरीक्षण करून १९२५ साली पुस्तक लिहिलं. पुढे नॅन्सी बेली यांनी बर्कलीत मुलांना वर्षानुवर्षं मोजलं आणि १९६९ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. पण ही सगळी मुलं अमेरिकन! त्यांच्या मापानं आपली मुलं मोजायची?

इथे बडोदा येतं. तिथल्या महाराज सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बेलींची चाचणी घेऊन आपल्याकडची बाळं मोजली. एक ते तीस महिने वयाची 'बडोदा प्रमाणकं' १९७० च्या सुमारास तयार झाली. त्यातूनच घडलेल्या भारतीय चाचणीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ पायऱ्या आहेत. मोठी चाचणी गल्लोगल्ली घेणं शक्य नाही, म्हणून तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये याच प्रमाणकांतल्या १७ पायऱ्या निवडून एका पानाचा तक्ता केला.

या तक्त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे एक आकडा नाही, पट्टी आहे. ३ टक्के मुलांना जमतं तिथे पट्टी सुरू होते, ९७ टक्क्यांना जमतं तिथे संपते. आपण सर्व्हरचा नुसता सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून निर्णय घेतो का? नाही ना! मग बाळाच्या बाबतीत का घ्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये दिल्लीसह पाच देशांतल्या मुलांवरून एकट्यानं चालण्याची पट्टी दिली: ८.२ ते १७.६ महिने. सुमारे ४ टक्के मुलं तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

म्हणजे मावशी जिंकली? थांबा. माझ्या एका मित्राचा मुलगा बोलत नव्हता. घरात सगळे म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. तीन वर्षांचा झाल्यावर कळलं, त्याला ऐकूच कमी येत होतं. हातातली दोन वर्षं गेली, ती कुठलाही डॉक्टर परत देऊ शकत नाही.

गंमत म्हणजे दोन्ही चुका एकाच आकड्यातून होतात. निम्म्या मुलांना जमतं तो महिना लिहिला, की उरलेल्या निम्म्यांचे आईबाप घाबरतात. आणि असं घाबरवणं खोटं ठरत गेलं, की खऱ्या धोक्यालाही सगळे "बघू पुढं" म्हणतात. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसीनं २०२२ मध्ये यादी बदलली. किमान ७५ टक्के मुलांना जमतं तेच त्या महिन्यात लिहायचं, आणि ते चुकलं तर वाट बघायची नाही. आपल्याकडेही २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याचसाठी आहे: उशीर वेळेत ओळखा.

बहिणीला म्हटलं, अ‍ॅप बंद कर. हाक मारली की वळतो, बोटानं दाखवतो, धरून उभा राहतो, तर आत्ता धीर धर. पण १८ महिन्यांपर्यंत चालला नाही, तर मावशीचं ऐकायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की रात्रीचा तांबडा रस्सा मिळतो की नाही अशी शंका आली!

पठ्ठ्या मात्र उंबरा धरून मारुतीसारखा उभा राहिला, हसला, आणि परत रांगत स्वयंपाकघरात गेला. असो.