ओव्याचं फूल आणि जर्मनीची वाट

थंडी पडली की खोकला आलाच. मग तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकायची, हे आपल्या सातारा-सांगलीत कुणाला शिकवावं लागत न्हाई. पण ह्याच ओव्याचा एके काळी मोठा परदेशी व्यापार होता, ते फार जणांना ठाऊक नसतंय.

ओव्याच्या दाण्यावर बारीक शिरा दिसतात. त्यांच्या मधल्या नळ्यांत तेल असतंय, शंभर किलोला साधारण २ ते ४ किलो. दाणा तळहातावर चोळला की नळ्या फुटतात आणि वास सुटतो, म्हणून शेकायच्या आधी चोळायचा. ह्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल. जंतू मारणारं, कफ सुटायला मदत करणारं. तेल गार केलं की त्याचे खडे धरतात. काष्ठौषधीच्या दुकानात 'ओव्याचं फूल' मिळतं ते हेच. एकोणिसाव्या शतकात उज्जैनकडच्या बाजारात ते विकायला असायचं, म्हणजे तेल गाळायची कला आपल्याकडं होतीच.

तरी १९१४ च्या आधी आपला ओवा पोत्यानं जर्मनीला जायचा आणि तिथं त्याचं थायमॉल निघायचं. दाणा आपला, नफा त्यांचा. महायुद्ध पेटलं आणि ही वाट बंद झाली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जवान ज्या युद्धात कामी आले, तेच हे युद्ध. इंग्रजांना थायमॉलची चणचण भासली, तेव्हा कुठं ओवा इथंच गाळायची आठवण झाली! पुढं कारखान्यात कृत्रिम थायमॉल बनू लागलं आणि ओवा परत फोडणीत आला.

अडुळशाची गोष्ट निराळी. त्याचा गुण तेलात न्हाई, वासिसीन नावाच्या कडू द्रव्यात आहे. त्याच्यावरूनच खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झीन तयार झालं. म्हणून अडुळसा उकळला तरी चालतो, ओव्याचा काढा मात्र झाकण ठेवूनच करा, न्हाईतर तेल वाफेबरोबर जातंय. बांधाला चार ओळी ओवा असेल तर तो कडक उन्हात वाळवू नका, सावलीत पसरा.

ओव्याचं फूल लहान पोरांना चाटवू नका, ते जहाल असतंय. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर पुरचुंडी बाजूला ठेवून आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी तिथं फुकट होते.